बँकेचं नावडतं गिऱ्हाईक

वाघोलीत तीन प्रकारची माणसं राहतात. ज्यांचं गृहकर्ज चालू आहे ती, ज्यांचं मंजूर व्हायचंय ती, आणि ज्यांच्या शेतांवर या दोघांचे टॉवर उभे राहिले ते मूळ गावकरी. तिसऱ्यांना सिबिल स्कोअरची फिकीर नसते. पहिल्या दोघांना ती रक्तातल्या साखरेइतकी असते.

आणि का नसावी? 300 ते 900 मधला हा आकडा 750 च्या पुढे असला की व्याजदरावर घासाघीस करता येते. 50 लाखांचं 20 वर्षांचं कर्ज 9 ऐवजी साडेआठ टक्क्यांनी मिळालं, तर हप्ता सुमारे 1,600 रुपयांनी उतरतो आणि एकूण पावणेचार लाखांच्या वर वाचतात. सोसायटीच्या टँकरचा आपला वाटा त्यातून बरीच वर्षं निघेल.

आमच्या शेजारच्या काकांनी जन्मात कुणाचा रुपया ठेवला नाही. स्कूटर रोखीत, घर फंडाच्या पैशात. निवृत्तीनंतर हौसेने क्रेडिट कार्डासाठी अर्ज केला, तर अहवालात आकड्याच्या जागी उणे एक! कर्जच काढलं नाही तर फेडल्याची नोंद कुठून येणार? काकू म्हणाल्या, "आयुष्यभर अंथरूण पाहून पाय पसरले, आता बँक म्हणते आधी पाय दाखवा." शेवटी 25 हजारांची मुदत ठेव ठेवून काकांनी तिच्या तारणावर कार्ड घेतलं.

कार्डाचे फायदे तसे खरेच आहेत. पेट्रोलवरचा अधिभार माफ होतो, आणि नगर रोडवर पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये जाळलेलं पेट्रोल पाहता तेवढाच दिलासा. लोहगावचा विमानतळ हाकेच्या अंतरावर, पण ट्रॅफिकच्या धास्तीने माणूस तीन तास आधी पोचतो आणि लाउंजमधल्या इडलीला न्याय देतो. घोळ पुढे होतो. वर्षाला लाखभर खर्च केला की 1,000 रुपयांची फी माफ, म्हणून लोक मार्चअखेरीस 8,000 चा एअर फ्रायर घेतात आणि 1,000 वाचवल्याच्या आनंदात त्यात बटाटे भाजतात.

या इडलीचे पैसे भरतो कोण? बराचसा वाटा दुकानदाराकडून घेतलेल्या शुल्कातून येतो, आणि बाकी भरतो 'किमान देय रक्कम' भरून निर्धास्त झोपणारा माणूस. समजा बिल 50,000 चं आहे आणि त्याने 2,500 भरले. महिना साडेतीन टक्क्यांनी व्याज 1,750, त्यावर जीएसटी 315. म्हणजे मूळ देण्यातून गेले जेमतेम 435! उशिराचा दंड टळतो, व्याज टळत नाही. वर नव्या खरेदीला मिळणारी 45-50 दिवसांची बिनव्याजी मुदतही जाते. भाजी घेतली त्या दिवसापासून मीटर पडतो. एटीएममधून कार्डावर रोकड काढली तरी तीच गत.

काकांची रीत सरळ आहे. औषधं आणि वीजबिल कार्डावर, आणि पूर्ण बिल खात्यातून आपोआप वळतं. वर्षातून एकदा अहवाल फुकट मिळतो, तो चष्मा लावून वाचायचा, कारण न घेतलेलं कर्जही कधी आपल्या नावावर निघतं. मर्यादेच्या 30 टक्क्यांच्या आत खर्च ठेवला तर स्कोअर खूश राहतो, हे कळल्यावर बँकेने मर्यादा वाढवायचं विचारताच त्यांनी हो म्हटलं. खर्च मात्र आहे तेवढाच ठेवला.

काकांकडून बँकेला व्याजाचा छदामही मिळत नाही. तरी मर्यादा आणखी वाढवू का, बिलाचे हप्ते पाडून देऊ का, असे फोन येतच असतात. इतकं नावडतं गिऱ्हाईक बँक का जपते, हे काकांना कळत नाही. काकूंना कळतं. "कधीतरी विसराल," त्या म्हणतात, "त्या आशेवर."