पार्ट वन पाहिलेला माणूस

सिनेमाचा दुसरा भाग लागला की प्रेक्षकांत दोन जाती पडतात: पहिला भाग पाहिलेले आणि न पाहिलेले. तिसरी एक जात असते, तिच्यात सहसा एकच माणूस असतो. आपण पहिला भाग पाहिलाय हे आजूबाजूच्या तीन रांगांना कळल्याशिवाय त्याच्या घशाखाली पॉपकॉर्न उतरत नाही. आमच्या न्हावा शेव्यात ही गादी दादूस चालवतो. त्याचं खरं नाव रेशन कार्डावर असेलच, पण बंदराच्या पट्ट्यात सगळे त्याला ‘पार्टवन’ म्हणतात. यात काही टोमणा असेल अशी शंका त्याला आजवर आलेली नाही.

दादूस एका सीएफएसमध्ये, म्हणजे बंदरातून निघालेले कंटेनर जिथे आणून ठेवतात त्या यार्डात, टॅली क्लार्क आहे. डबा आला की नंबर बघायचा, सील शाबूत आहे का बघायचं, पोचा असेल तर लिहायचा. कंटेनरवर चार अक्षरं असतात, सहा आकडे असतात आणि शेवटी चौकटीत एकटाच एक आकडा असतो. तो आधीच्या दहांचं गणित करून निघतो, त्यामुळे लिहिताना एखादं अक्षर घसरलं की लबाडी तिथल्या तिथे उघडी पडते. हयात यात गेल्यामुळे दादूसची ठाम समजूत झाली आहे, की जगातली कुठलीही गोष्ट मागच्यावरून पडताळता येते आणि ज्याला मागचं माहीत नाही त्याने गेटवरच थांबावं.

त्याचा खास प्रांत हॉरर-कॉमेडी. मारधाडीच्या सिनेमाचा दुसरा भाग त्याला निरुपयोगी वाटतो, कारण त्यात गाड्या उडणार हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. समजावून सांगायला काही उरत नाही. भुताचं तसं नाही. भूत कोणाचं, कशाने अडकलं, कशाने सुटतं, हे सगळे कागद पहिल्या भागात असतात. त्यातून विनोदी भूत म्हणजे आणखी पंचाईत. न पाहिलेल्याला इथे घाबरायचं की हसायचं तेच कळत नाही. तो शेजाऱ्याच्या तोंडाकडे बघतो, आणि शेजारी दादूस असतो.

१५ ऑगस्ट २०२४ ला ‘स्त्री २’ लागला तेव्हा दादूसचं भाग्य सगळ्या बाजूंनी उजळलं होतं. त्याच वर्षी १२ जानेवारीला उरण लोकल सुरू झाली होती. त्याआधी सिनेमा म्हणजे पनवेल नाहीतर बेलापूर-वाशीची वारी, आणि करळ फाट्याला ट्रेलरच्या रांगेत गाडी अडकली की नायिकेची एन्ट्री गेलीच म्हणून समजा. आता न्हावा शेवा स्टेशनात बसायचं आणि सीवूड्सला उतरायचं. सीवूड्सचं स्टेशन मॉलच्या पोटात आहे, त्यामुळे फलाटावरून सरकत्या जिन्याने वर गेलं की थिएटर. पण दादूसच्या लेखी लोकलचा खरा फायदा निराळाच होता. बसमध्ये पुढे-मागे बसलेल्या माणसांना पहिला भाग सांगता येत नाही; लोकलमध्ये समोरासमोर आठ माणसं हक्काची मिळतात.

त्या दिवशी आठांत दादूस, वहिनी, दादूसची म्हातारी आई, दोन भाचे, त्यांचे दोन मित्र आणि मी. गाडी हलायच्या आत त्याने विचारलं, “पार्ट वन कोनी कोनी नाय बगला?” एका मित्राने बिचाऱ्याने हात वर केला. मग काय! शेमटीखारला चंदेरी गावात स्त्री आली. मग ती रात्रीची पुरुषांना उचलून नेऊ लागली आणि मागे नुसते कपडे राहू लागले. खारकोपरला राजकुमार राव प्रेमात पडला, तोही नाव-गाव माहीत नसलेल्या पोरीच्या. बामणडोंगरी जाता जाता स्त्रीची वेणी कापली, आणि सीवूड्स यायच्या आत श्रद्धा कपूरने ती वेणी आपल्या केसांना लावून घेतली. दिग्दर्शक अमर कौशिकला २०१८ साली ज्याला दोन तास लागले, ते दादूसने चार स्टेशनांत उरकलं. पोरगा उतरताना एवढंच म्हणाला, “म्हणजे भूत कोण होतं?” दादूसने त्याच्याकडे सील तुटलेल्या डब्याकडे बघावं तसं बघितलं.

आत गेल्यावर राष्ट्रगीत झालं. पंधरा ऑगस्ट असल्यामुळे लोक एरवीपेक्षा ताठ उभे होते, पॉपकॉर्नची बादली छातीशी धरून. बसल्या बसल्या दादूसने कामाला सुरुवात केली.

या माणसाची सिनेमा बघायची रीत एकदा जवळून बघण्यासारखी आहे. पडद्यावर अंधारी गल्ली, कुत्रं गप्प झालेलं, पार्श्वसंगीत खाली गेलेलं. तीनशे माणसं श्वास धरून. अशा वेळी दादूस खुर्चीत पुढे सरकतो, उजव्या हाताची तर्जनी वर करतो आणि म्हणतो, “आता येल बग.” हळू म्हणतो असं त्याला वाटतं, ट्रेलरच्या हॉर्नवर आवाज चढवून बोलायची सवय असलेल्या माणसाची कुजबुज ती. भूत येतं. कोणी किंचाळत नाही, कारण सूचना आगाऊ मिळालेली असते. मग दादूस मागे रेलून समाधानाने सगळ्यांकडे बघतो, जणू भूत त्यानेच गेट पास देऊन आत सोडलंय. कधी कधी तर्जनी वर जाते आणि भूत येतच नाही. दार उघडून पंकज त्रिपाठी येतो. मग सगळं थिएटर हसतं, सिनेमाला हसतं की दादूसला ते सांगता येत नाही, आणि दादूस सगळ्यात मोठ्याने हसतो. भीती फसली तर ती कॉमेडी होती असं म्हणता येतं, ही या जातीच्या सिनेमाची मोठी सोय आहे. दिग्दर्शकांनाही ती कळलेली दिसते.

दुसऱ्या भागातलं भूत म्हणजे सरकटा, बिनमुंडक्याचा राक्षस. दादूसने सगळ्यांना आधीच सांगून ठेवलं होतं की ते काम जम्मूच्या साडेसात फुटी पोलिसाने केलंय. म्हातारीला त्याच्याशी देणंघेणं नव्हतं. तिचा मुद्दा व्यवहाराचा होता. “मुंडकाच नाय तं जेवतो कंच्या तोंडान?”

“मुंडका येगला हाय, धर येगला हाय. दोनी फिरतान,” दादूसने खुलासा केला.

“मंग लगीन कोनाशी लावाचा, मुंडक्याशी का धराशी?”

मागच्या दोन रांगा हसल्या आणि पडद्यावरचा एक चांगला संवाद वाहून गेला. म्हातारीची भुतं वेगळ्या इयत्तेतली. तिच्या लहानपणी खाडीत पाय ओढणारा गिऱ्हा होता, खाजणात चकवा लागायचा, पिंपळावर मुंज्या होता, आणि त्यांच्यापैकी कोणीही विनोद करत नसे. मी एकदा तिला विचारलं होतं, ती सगळी गेली कुठे? तर म्हणाली, बंदर आलं नि पिंपळच भरावाखाली गेला, त्या मुंज्याला मोबदल्याचे साडेबारा टक्के कोण देणार? ज्या मुलखात १९८४ साली जमिनीच्या भावासाठी दि. बा. पाटलांच्या मागे लोक उभे राहिले आणि जासईच्या आंदोलनात पाच जण गोळीबारात गेले, तिथे हे वाक्य नुसतं हसण्यावारी नेता येत नाही. तरी मी हसलो. १९८९ ला बंदर सुरू झालं. तेव्हापासून प्रकल्पग्रस्ताचा दाखला न मिळालेली भुतं बहुधा चंदेरीला गेली असावीत. तिथे काम मिळतंय.

बायकांच्या बाजूने मात्र त्या दिवशी वेगळाच सिनेमा चालला होता. पहिल्या भागात स्त्री पुरुषांना पळवते, दुसऱ्यात सरकटा बायकांना, आणि त्यातही नव्या विचारांच्या, स्वतःच्या पायांवर उभं राहू बघणाऱ्या बायकांना. हे कळल्यावर वहिनींच्या रांगेतून कोणीतरी म्हणालं, “चला, म्हणजे आपल्यालाही नेतील.” त्यावर जो हशा पिकला त्यात भीतीचा अंशही नव्हता, उलट थोडी महत्त्वाकांक्षा होती. पुरुष मंडळी पहिल्या भागापासून रात्री सातच्या आत घरात बसवल्याची गंमत आठवून हसत होती. दुसऱ्या भागात घरी बसायची पाळी बायकांवर आल्यावर हसण्याचा आवाज कुठून येतो ते मी लक्ष देऊन ऐकत होतो. दादूसचं तिकडे लक्ष नव्हतं. तो भेडियाची वाट बघत होता.

कारण ही मंडळी एकटीदुकटी राहिलेली नाहीत. वरुण धवनचा ‘भेडिया’ २०२२ चा, ‘मुंज्या’ २०२४ च्याच जूनमधला, आणि सगळे एकमेकांच्या सिनेमात पाहुणे म्हणून जातात. ‘मुंज्या’बद्दल दादूसला भावकीचं प्रेम आहे: भूत कोकणातलं, आजी सुहास जोशी आणि दिग्दर्शक आदित्य सरपोतदार, म्हणजे ‘झोंबिवली’वाला. “आपलीच मानसा,” तो म्हणतो. लांडगा पडद्यावर आला तेव्हा पोरांनी शिट्ट्या मारल्या आणि म्हातारीने विचारलं, “अरे यो कोन?” दादूसने ‘भेडिया’ची कथा सुरू केली. अक्षयकुमार परत आला तेव्हा ती अजून संपलेली नव्हती.

अशा सर्वज्ञ माणसालाही एक वार बसलेला आहे, तो इथेच सांगतो, जरी तो पुढच्या दिवाळीतला आहे. ‘भूलभुलैया ३’ लागला होता. या मालिकेत दादूस आधीच जरा अस्वस्थ असतो, कारण २००७ च्या पहिल्या भागात भूत नव्हतंच. विद्या बालनचा तो आजार होता. २०२२ च्या दुसऱ्यात भूत खरं निघालं. म्हणजे पहिला भाग बघून फायदा काय, हा प्रश्न, आणि तो दादूसला कोणी विचारू नये. तिसऱ्यात विद्या बालनच्या जोडीला माधुरी दीक्षित. माधुरी दिसली की मराठी थिएटरात जो आवाज होतो त्याला भूत असो नसो फरक पडत नाही, तेवढ्यावर दादूसचं निभावलं. पण दुसऱ्या दिवशी यार्डाबाहेरच्या टपरीवर तो कार्तिक आर्यनपासून मागे मागे जात २००७ ला पोचला, तेव्हा एका शिपिंग लाइनमधला मलयाळी बाबू चहाचा ग्लास खाली ठेवून म्हणाला, “वो तो हमारा है. नाइंटी थ्री.”

दादूसचा घोट अडकला. बाबू शांतपणे सांगत गेला. ‘मणिचित्रताळ’, १९९३, दिग्दर्शक फाझिल. मोहनलाल. शोभनाला त्यासाठी राष्ट्रीय पुरस्कार. मग कन्नडमध्ये ‘आप्तमित्र’, तमिळमध्ये रजनीकांतचा ‘चंद्रमुखी’, आणि मग कुठे हिंदी. म्हणजे दादूसचा पार्ट वन हा पार्ट वन नव्हता. त्याच्या मागे आणखी डबे लागलेले होते आणि त्यांचे नंबर त्याने कधी टिपलेच नव्हते. टपरीवर अशी शांतता मी पूर्वी पाहिली नाही. बऱ्याच वेळाने दादूस म्हणाला, “नाइंटी थ्री में हमारा भी आया था. तात्या विंचू.” आणि महेश कोठारेंचा ‘झपाटलेला’, रामदास पाध्यांचा बाहुला, दिलीप प्रभावळकर, मग वीस वर्षांनी थ्रीडीमधला दुसरा भाग, असा तो मराठीच्या आडोशाला गेला. बाबूने ‘झपाटलेला’ पाहिलेला नव्हता. दादूसच्या चेहऱ्यावर रक्त परत आलं. “पार्ट वन नहीं देखा?” त्याने प्रेमाने विचारलं आणि बाबूचा चहा आपल्या खात्यावर लिहायला सांगितला.

‘स्त्री २’च्या संध्याकाळी हे सगळं व्हायचं होतं. तेव्हा दादूस निर्विवाद होता. सिनेमा शेवटाला आला. श्रद्धा कपूरच्या त्या पोरीचं नाव पहिल्या भागात कळत नाही, दुसऱ्यातही नाही. निरोपाच्या वेळी ती नायकाच्या कानात नाव सांगते आणि आपल्याला ऐकू येत नाही. थिएटरात एकच गलका झाला. “मोठ्यानं सांग की!” मागून कोणीतरी ओरडलं. पैसे मोजलेल्या माणसांना कानात सांगितलेलं चालत नाही.

दादूस तेवढा गप्प, हाताची घडी घालून.

“तुला माहितीये का काय?” भाच्याने विचारलं.

“मना म्हाईत हाय.”

“मग सांग ना!”

“पार्ट थ्रीला कलंल.”

नावं पडद्यावर चढू लागली, दिवे लागले, झाडूवाले आत आले. दादूस कोणाला उठू देईना, कारण शेपटाला अजून तुकडे असतात हे त्याला ठाऊक. म्हातारीला झोप लागली होती. खाली उरण लोकलची वेळ होत आलेली, आणि तेव्हा या मार्गावर एक गाडी चुकली की पुढचीची वाट बघण्यात अर्धा सिनेमा निघायचा. वहिनी पर्स काखेत मारून उभ्या, नजर दाराकडे. शेवटी शेवटचा तुकडा संपला आणि आम्ही सरकत्या जिन्यावरून धावत, म्हातारीला मधे धरून, दार मिटायच्या बेताला डब्यात शिरलो.

बसायला मिळालं तसा वाद पेटला. भाचे आणि मित्र नावावर पैजा लावत होते. शेजारच्या बाकावरच्या अनोळखी बायाही त्यात पडल्या. त्याही सिनेमातूनच चालल्या होत्या हे त्यांच्या हातातल्या अर्ध्या बादलीवरून दिसत होतं. प्रत्येकजण फिरून फिरून दादूसकडे यायचा आणि दादूस डोळे अर्धे मिटून तेच म्हणायचा, “मना म्हाईत हाय.”

वहिनी इतका वेळ खिडकीबाहेर बघत होत्या. त्यांनी मान वळवली. “यांना सगल्यांची नावा म्हाईत हान,” त्या त्या अनोळखी बायांना म्हणाल्या. “यांना ईचारा, लग्नाच्या आदी माजा नाव काय व्हता.”

जुन्या रिवाजाप्रमाणे वहिनींचं नाव लग्नात बदललेलं. सगळा बाक दादूसकडे वळला. दादूसने डोळे पूर्ण उघडले. बामणडोंगरी गेलं. तर्जनी वर झाली, पुन्हा खाली आली. खारकोपर गेलं. भाच्यांनी हसू आवरण्यासाठी तोंडं फिरवली. शेमटीखार आलं तसा दादूस आईकडे झुकला आणि त्याच्या त्या जगप्रसिद्ध कुजबुजीत विचारता झाला, “आये, ता पार्ट वनमदी व्हता का?”