ओरिजिनलकाका

गाडी विकत घ्यायची श्रीमंती वेगळी आणि त्याच गाडीचा सुटा भाग विकत घ्यायची श्रीमंती वेगळी. पहिली आहे पण दुसरी नाही, असा एक गृहस्थवर्ग अलीकडे पुण्यात बराच वाढला आहे. खरे गडगंज यात धरू नका. लॅम्बोर्गिनीची काच फुटली हे त्यांना ड्रायव्हर सांगतो आणि नवी बसली हेही ड्रायव्हरच सांगतो. मधलं काही त्यांच्या कानावर जात नाही. मी म्हणतोय तो माणूस आयुष्यभर मारुती चालवतो, मुलांची शिक्षणं उरकतो, फंडाचे पैसे हातात आले की एके दिवशी कॉलेजात असताना भिंतीवर चिकटवलेली गाडी सेकंड हँड घेऊन येतो, आणि उरलेलं आयुष्य तिला कोणी हात लावू नये म्हणून पहारा देण्यात घालवतो.

आमच्या सोसायटीतल्या या माणसाला पोरं ओरिजिनलकाका म्हणतात. त्यांची पोर्शे दिल्लीची. तिकडे पंधरा वर्षं झालेली पेट्रोल गाडी रस्त्यावर काढायची पंचाईत, त्या धाकाने चौदा वर्षांची गाडी पडत्या भावात मिळाली. मग एनओसी, इकडचा रोड टॅक्स आणि शेवटी एमएच बारा, एवढे संस्कार होऊन ती पुण्याची झाली. रविवारी पहाटे ती लोणावळ्यापर्यंत जाते आणि ट्रक जागे व्हायच्या आत परत येते. एरवी कव्हरखाली. भाजी, बँक, दवाखाना, लग्नकार्य सगळं ॲक्टिव्हावर. कोणी गाडीकडे नुसतं पाहिलं तरी काका जवळ येऊन सांगतात, "सगळं ओरिजिनल आहे बरं का." मग आवाज खाली आणून, "टायर सोडून."

अशा गाडीची काच फुटली. एक्स्प्रेस वेवर नाही, पार्किंगमध्ये. पावसाळ्यातलं गवत कापायला सोसायटीने माणूस लावला होता, त्याच्या फिरत्या यंत्राखालून सुपारीएवढा खडा उडाला आणि ड्रायव्हरच्या बाजूच्या दारावर आला. कव्हर त्याच दिवशी धुऊन वाळत घातलेलं.

दाराची काच पुढच्या काचेसारखी तडकत नाही. पुढची दोन थरांची, मध्ये प्लॅस्टिकचा पापुद्रा. दगड लागला तरी जागेवर राहते. दाराची बहुतेक गाड्यांत एकेरी असते. ६०० अंशांच्या वर तापवून हवेच्या झोताने झटकन थंड केलेली, त्यामुळे वरून घट्ट दाबलेली आणि आतून ताणलेली. एका बिंदूवर वर्मी घाव बसला की सगळी एकदम सुटते आणि साबुदाणा होते. माणसाला कापू नये म्हणून केलेली ही सोय आहे, पण ती काकांना त्या क्षणी सांगण्याची कोणाची हिंमत नव्हती. ते गवतवाल्याला एक शब्द बोलले नाहीत. फक्त हात पसरून ओरडले, "कोणी झाडू मारू नका!"

त्यानंतर दोन संध्याकाळी काका पार्किंगमध्ये स्टुलावर बसून, मांडीवर स्टीलचं ताट घेऊन, काचेचे दाणे तांदूळ निवडावेत तसे निवडत होते. काचेच्या कोपऱ्यात कंपनीचा शिक्का असतो. तो ज्या दाण्यांवर आहे ते शोधायचे, जुळवायचे, आणि तीच काच मागवायची असा बेत. तीन-चार अक्षरं जुळलीही होती. तेवढ्यात दुसऱ्या मजल्यावरची सातवीतली मुलगी सायकल काढायला आली. तिने विचारलं, "काका, त्या बाजूच्या दाराच्या काचेवर तोच शिक्का असेल ना?"

ताट घरात गेलं. दाणे मात्र टाकले नाहीत. ते अजून बरणीत आहेत. ओरिजिनल आहेत.

शिक्का निघाला एका जुन्या फ्रेंच कंपनीचा. नाव वाचून काका सुखावले. पण ही सेकुरिटवाली सेंट गोबेन भोसरीला आणि चाकणला कारखाने चालवते, हे मी सांगितलं तेव्हा त्यांचा चेहरा पडला. आपली काच परदेशातूनच आलेली, याबद्दल त्यांना शंका नव्हती. तिचं माहेर मात्र पीएमपीच्या बसच्या टप्प्यात निघावं, हे त्यांना लागलं.

आता काच बसवायची कुठे? इथे या वर्गाचा खरा स्वभाव दिसतो. तुम्ही-आम्ही काच फुटली की पहिलं दुकान गाठतो. काकांनी वही घातली. पानाला तीन रकाने: दुकान, काय म्हणाला, कसा म्हणाला. तिसरा रकाना सगळ्यात भरलेला. पोर्शेच्या खिडकीला दुधाच्या पिशव्यांचं जाड प्लॅस्टिक आणि ब्राऊन टेप लावून चौकशी सुरू झाली. काकू म्हणाल्या, "माझ्या मोतीबिंदूच्या वेळी 'रिक्षाने दहा मिनिटांवर आहे' म्हणून डॉक्टर ठरवला होता यांनी."

विमा आहेच की, असं कोणीतरी सुचवलं. खरं तर काचेपुरता आपला विमा उदार असतो. रबर-प्लॅस्टिकवर ५० टक्के घसारा कापतात, काचेवर शून्य. पण काकांचा ५० टक्क्यांचा नो क्लेम बोनस पाच वर्षं मारुतीला ओरखडा न आणता कमावलेला आणि मग पोर्शेवर आणलेला. एका खिडकीपायी ती तपश्चर्या मोडायची? शिवाय विमा कंपनी आपल्या यादीतलं गॅरेज सांगणार. "दुसऱ्याने निवडलेल्या माणसाने माझं दार उघडायचं?" काका म्हणाले. विमा बाद.

बड्या वर्कशॉपात त्यांना कॉफी मिळाली आणि एका कागदावर आकडा मिळाला. तो त्यांनी आजतागायत कोणाला सांगितलेला नाही. कागद मात्र पाकिटात लायसनच्या मागे असतो.

मग एक काचेचं चकचकीत दुकान. एसी, टीव्ही, मालकाच्या अंगावर कंपनीचा टी-शर्ट. वहीतल्या प्रत्येक प्रश्नाला उत्तर एकच, "होऊन जाईल सर, टेन्शन नका घेऊ." काका जवळजवळ विरघळले होते. उठता उठता त्यांनी विचारलं, "या गाडीची काच दार उघडताना थोडी खाली येते, माहीत आहे ना?"

"हो सर. पॉवर विंडो आहे."

काका तिथून जे निघाले ते टेप सुटून फडफडणाऱ्या प्लॅस्टिकसकट थेट घरी. त्यांचं काही चुकलं असं मला वाटत नाही. या गाडीच्या दाराला काचेभोवती चौकट नसते. हँडल ओढलं की काच आपोआप सेंटिमीटरभर खाली सरकते, दार सुटतं. दार लागलं की वर जाऊन रबरात रुतून बसते. तिथे केसभर चुकलं की पावसात पाणी आणि वेगात शिट्टी. बॅटरी काढून लावली तर ही चाल ती विसरते, मग बटण धरून तिला पुन्हा शिकवावी लागते. ज्याला हे ठाऊक नाही, तो दार आपटून नवी काच फोडणार हे ठरलेलं.

कुर्ल्याला सीएसटी रोडवर जुन्या गाड्यांचे भाग विकतात, तिथेही काका जाऊन आले. दुकानदाराने गोणपाटातून काच काढून भिंतीला टेकवली. "ओरिजिनल आहे साहेब, गाडीतूनच काढलीय." या वाक्याने काका पेचात पडले. मेलेल्या गाडीची काच ओरिजिनल खरी, पण आपल्या गाडीला ती ओरिजिनल म्हणायची का? यावर ते परतीच्या डेक्कन क्वीनमध्ये लोणावळ्यापर्यंत विचार करत होते. पुढे प्रश्न उरला नाही, कारण त्यांनी दुकानात काढलेला फोटो नीट पाहिला. काच ओरिजिनल होती, दार डावं होतं.

शेवटी नाना पेठ. गाड्यांच्या सामानाच्या दुकानांमागे एका बोळात मिस्त्री बसतो. पाटी नाही. काका वही घेऊन उभे राहिले, कारण बसायला खुर्ची नव्हती. मी बरोबर होतो. मिस्त्रीने मान वर न करता सांगितलं, "हँडल ओढा."

काकांनी ओढलं. दाराच्या पोटात घर्र झालं. नसलेली काच खाली न्यायला यंत्र निघालं होतं.

"मशीन जिवंत आहे," मिस्त्री म्हणाला. "काच आणा, मग या."

"तुम्ही काच देत नाही?"

"या गाडीची नाही देत. मी दिलेली तुम्हाला खोटी वाटणार, तुम्ही आणलेली मला. तुमची तुम्ही आणा, भांडण मिटलं."

काकांनी वही उघडली. "दाराचं पॅड काढताना क्लिपा तुटल्या तर?"

"तुटणारच. चौदा-पंधरा वर्षांचं प्लॅस्टिक आहे. काचेबरोबर क्लिपा पण मागवा."

"आतले तुकडे?"

इथे मिस्त्रीने पहिल्यांदा वर पाहिलं. "हे बरं विचारलंत. सगळे वरची काच बघतात. तुकडे खाली जाऊन पाणी जायची भोकं बुजवतात, मग दार आतून गंजतं. पॅड काढायचं, ओलाव्याचा पडदा सोडवायचा, व्हॅक्यूम लावायचा, मग हात घालायचा, मग परत व्हॅक्यूम. पंधरा मिनिटांत काढतो म्हणणारा काढत नाही."

"गॅरंटी?"

"पाण्याची देतो. शिट्टीची देतो. दगडाची नाही देत."

"लेखी?"

मिस्त्री पुन्हा खाली बघायला लागला. वहीतला तिसरा रकाना काकांनी माझ्यादेखत भरला: 'तुसडा. योग्य वाटतो.' पुण्यात दुकानदाराची लायकी जोखायची ही पद्धत परदेशी गाड्यांनाही लागू पडते, हे त्या दिवशी सिद्ध झालं.

काच मुंबईच्या एका आयातदाराकडून लाकडी खोक्यात आली, क्लिपांसकट. मिस्त्रीने अख्खा दिवस घेतला, त्यातला अर्धा दाराच्या पोटात हात घालून दाणे काढण्यात. काढलेले दाणे काकांनी मागून घेतले. रविवारी पहाटे एक्स्प्रेस वेवर कायद्याने जेवढा वेग देता येतो तेवढा देऊन, रेडिओ बंद करून, त्यांनी शिट्टी ऐकायचा प्रयत्न केला. आली नाही. थोडे हिरमुसलेच.

दरम्यान काकांना शिक्क्यांचं व्यसन लागलं. लग्नाच्या हॉलबाहेर आहेराचं पाकीट खिशात ठेवून ते पार्किंगमध्ये परक्यांच्या गाड्यांवर वाकलेले असतात. गोलातल्या ई अक्षरापुढे १ असेल तर मान्यता जर्मनीची, २ फ्रान्सची, ३ इटलीची. आपल्याकडच्या काचेवर आयएसआयचा शिक्का. शेजारी सालाचा आकडा आणि टिंबं, त्यावरून काच कधीची ते कळतं. गाडीच्या सगळ्या काचा एका सालच्या आणि एकच वेगळी असली की समजावं, तिथे काहीतरी झालं होतं. सेकंड हँड गाडी घेताना हे जरूर बघा. विकणारा खोटं बोलेल, काच नाही बोलत. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ बेनेडिक्टसच्या हातून १९०३ साली चंबू पडला, आतल्या वाळलेल्या थरामुळे तडकूनही विखुरला नाही आणि त्यातून पापुद्र्याच्या काचेची कल्पना निघाली, ही गोष्टही ते वराच्या मामाला सांगतात. मामा बिचारा गाडी मागे घ्यायच्या घाईत असतो.

हीच विद्या त्यांनी सातवीतल्या त्या मुलीलाही शिकवली. मागच्या महिन्यात ती पोर्शेच्या पुढच्या काचेपाशी बराच वेळ वाकून उभी होती. मग तिने हाक मारली, "काका, तुमची गाडी कुठल्या सालची?"

पुढच्या काचेवर चिनी कंपनीचा शिक्का आहे. साल गाडीच्या जन्मानंतर पाच वर्षांनी. म्हणजे दिल्लीतच कधीतरी, कोण्या अनाम मिस्त्रीने, वही न घालता ती बदलली होती. पाणी येत नाही, शिट्टी येत नाही, आणि काका इतके दिवस त्या काचेतून बघूनच 'सगळं ओरिजिनल आहे' म्हणत होते.

माझं मत विचाराल तर ती काच उत्तम आहे. चिनी कारखाने जर्मन गाड्यांनाही काचा पुरवतात, आणि पुढच्या काचेत शिक्क्याइतकंच ती चिकटवणाऱ्याचं काम महत्त्वाचं. जुना डिंक किती खरवडला, नवा सुकायला वेळ दिला का, त्या दिवशी काचा बंद ठेवून दारं आपटली का. नव्या गाड्यांत आरशामागे कॅमेरा असतो, तो नव्याने जुळवून घेतला का, हेही विचारायचं. हे मी काकांना समजावून सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि वहीत नवीन पान उघडलं.

पुढच्या काचेला तडा नाही, ओरखडा नाही. तरी ती बदलायची आहे. तुमच्या ओळखीत कोणी काचवाला असेल आणि तो भला माणूस असेल, तर कृपा करून त्याचा नंबर आमच्या सोसायटीत देऊ नका.