विंटेज सोयाबीन

नांदेडचे आमचे मेव्हणे आले की पूर्वी प्लॉटच्या गोष्टी निघायच्या. मग शेअर आले, मग क्रिप्टो. या खेपेला पंख्याखाली टेकता टेकता म्हणाले, "दाजी, आता वाईन."

बायको स्वयंपाकघरातून डोकावली. "प्यायची नाही गं आक्का," त्यांनी घाईघाईनं खुलासा केला. "ठेवायची!"

2018 साली न्यूयॉर्कच्या लिलावात 1945 सालची रोमाने-काँटीची एक बाटली 5 लाख 58 हजार डॉलरला गेली, हे त्यांनी असं सांगितलं, जणू ती यांच्याच माडीवरून उतरवली होती. लंडनला लिव्ह-एक्स नावाचा वाईनचा बाजार आहे. माल गोदामात पडून असतो, सौदा कागदावर होतो. मालक चार वेळा बदलतो, बाटली कूसही बदलत नाही.

ठेवायची कशी, तर अंधारात, बारा-तेरा अंशांवर, आडवी. म्हणजे बूच ओलं राहतं. लातूरला मे महिन्यात बेचाळीस अंशांत आडवं पडून ओलं राहायची सोय माणसाला नाही, तिथं बुचाचं काय घेऊन बसलात! शिवाय या शहरानं रेल्वेनं द्रव मागवला तो एप्रिल 2016 मध्ये, मिरजेहून. पहिल्या गाडीला दहा वाघिणी, पाच लाख लिटर. बॅरल आमच्याही दारोदार होते, फक्त ओक लाकडाचे नव्हते, निळ्या प्लास्टिकचे होते. त्या सालचं पाणी कुणी तळाशी जपून ठेवलं असेल तर विंटेज त्यालाच म्हणावं.

"पण विकायची कुठं म्हणायलाव?" मी विचारलं.

इथं मेव्हण्यांचं नेटवर्क गेलं. 1949 च्या दारूबंदी कायद्यानं आपल्याकडं प्यायलाही परवाना लागतो, मग विकणं तर लांबच. जानेवारी 2022 मध्ये सरकारनं सुपरमार्केटात वाईन ठेवायचं ठरवलं, तर बाटलीआधी उपोषणाचा इशारा येऊन पोचला. म्हणजे वीस वर्षं जपलेली बाटली शेवटी घरीच फोडायची, आणि तीही आक्का माहेरी गेल्यावर.

"मग कंपनीचा शेअर घ्या," मी सुचवलं. सुला या वाईन कंपनीचा शेअर डिसेंबर 2022 मध्ये 357 रुपयांनी बाजारात आला, वर्षभरात दुपटीच्या आसपास चढला आणि पुढं 357 च्याही खाली उतरला. मेव्हण्यांनी तो कधी घेतला होता, हे मी विचारलं नाही. चेहरा बघितला.

कोपऱ्यात आमचे अण्णा बसले होते, औशाकडचे, मार्केट यार्डातून थेट आलेले. खरं तर या विषयातले जाणकार तेच. 2021 च्या पावसाळ्यात लातूरला सोयाबीननं क्विंटलला दहा हजारांचा आकडा ओलांडला, तेव्हापासून अख्खा जिल्हा दीर्घकालीन गुंतवणूकदार झालाय. अण्णांनी 2022 चा माल पलंगाखाली, देवघराशेजारी आणि सुनेच्या कपाटाला टेकवून दोन वर्षं राखला. हमीभाव 4,892 असताना यार्डात त्याहून कमी भावानं दिला. पणन मंडळाची तारण योजना होती, सहा टक्के व्याजानं कर्ज देणारी. पण तिची मुदत 180 दिवस आणि अण्णांची आशा त्याहून लांब. वाईन जुनी झाली की भाव चढतो. सोयाबीन जुनं झालं की आडत्या ते तळहातावर घेऊन नुसती फुंकर मारतो, आणि त्या एका फुंकरीत शंभर रुपये उडतात.

मेव्हण्यांनी खोट्या बाटल्यांचीही गोष्ट सांगितली. अमेरिकेत रुडी कुर्निआवान नावाच्या एकानं घरातच वाईन मिसळून जुनी लेबलं चिकटवली, कोट्यधीशांना विकली आणि दहा वर्षांची शिक्षा घेतली. अण्णांना त्यात नवल वाटलं नाही. 2020 च्या खरिपात त्यांनीही झकास लेबलाची पिशवी घेतली होती, उगवलंच नाही. फरक एवढाच की इकडं आत कुणी गेलेलं त्यांनी पाहिलं नाही.

बराच वेळ ते गप्प होते. मग बशीतला चहा संपवून त्यांनी विचारलं, "त्या बाटलीला उंदरं लागतेत का?"

"नाही," मेव्हणे म्हणाले.

"मग घ्या."