चाळीस दिवसांचे काका

वसईत उपवासकाळ सुरू झाला हे कॅलेंडर न बघताही कळते. लग्नाचे मांडव बंद होतात, ब्रास बँडवाले आपले डगले घडी घालून ठेवतात, वेदीवरची फुले जातात, फादरांच्या अंगावर जांभळा झगा येतो आणि आमचे काका चेहरा पाडतात. पापडीपासून आगाशीपर्यंत बहुतेक धर्मग्रामांत असा एखादा काका असतोच. आमच्या वाट्याला आलेले जरा जास्त पक्के आहेत, एवढेच.

काकांचा हंगाम आठवडाभर आधीच सुरू होतो. गेल्या वर्षीच्या झावळ्यांच्या रविवारी घरोघर नेलेल्या झावळ्या परत गोळा करून जाळायच्या आणि त्याच राखेने बुधवारी कपाळावर क्रूस काढायचा, ही रीत. चर्चच्या दारात टोपली ठेवली तरी भागेल. पण गोळा करण्याचे काम काकांनी स्वतःहून अंगावर घेतले आहे, कारण झावळी घरात कुठे होती ते त्यांना बघायचे असते. क्रुसामागे खोचलेली असली की मान डोलावतात. फ्रिजवर सापडली की "असू दे, असू दे" म्हणतात, आणि ते 'असू दे' संध्याकाळपर्यंत आळीभर झालेले असते.

राखेच्या बुधवारचे पहिले वाचन योएल संदेष्ट्याचे. कपडे नव्हे, काळीज फाडा, असा त्याचा आशय. ते काकाच वाचतात, आणि असे वाचतात की पहिल्या बाकावरची माणसे आपापले सदरे चाचपतात. मग फादर मत्तयच्या सहाव्या अध्यायातला भाग वाचतात. उपास करताना तोंड उतरवून बसू नका, तोंड धुवा, डोक्याला तेल लावा, लोकांना पत्ता लागू देऊ नका, असे येशूने त्यात बजावले आहे. काका हे डोळे मिटून, मन लावून ऐकतात. नंतर राख लावून घेतात आणि ती पुसली जाऊ नये म्हणून दिवसभर तोंड धूत नाहीत. बँकेत जातात, रेशनच्या दुकानात जातात, काही काम नसताना स्टेशनपर्यंत जाऊन येतात. तिथे कुणीतरी "काका, कपाळाला काळं लागलंय" म्हणतोच. मग त्याला आदामापासून सगळे ऐकावे लागते, आणि त्याची लोकल जाते.

2024 साली हा बुधवार नेमका 14 फेब्रुवारीला आला. चर्चच्या आवारात दोन-तीन पोरे गुलाब घेऊन घुटमळत होती. काका सरळ त्यांच्यापुढे जाऊन उभे राहिले. "वेदीला फूल नाही, तुम्हाला कशाला?" म्हणाले. आमच्या गावात अर्ध्या घरांची चूल फुलांच्या बागांवर पेटते. त्यातले दोघे बागायतदार हे ऐकून काकांशी पार ईस्टरपर्यंत बोलले नाहीत.

त्यागाच्या बाबतीत काकांचा हात धरणारा धर्मग्रामात कोणी नाही. ते दरवर्षी साखर सोडतात. ही साखर डॉक्टरांनी डिसेंबरातच बंद केलेली असते. काका ती फेब्रुवारीत परमेश्वराला अर्पण करतात. उपासाचा नियम अठराव्या वर्षापासून एकोणसाठ पूर्ण होईपर्यंतच लागू आहे, असे फादरांनी त्यांना एकदा समजावले. काका तेव्हा पासष्टीत होते. "म्हणजे चर्चने मला रिटायर केलं?" असे विचारून ते दोन दिवस फुगून होते. आता उपास करतात, वर 'मला माफ असूनही' हे शब्द जोडतात.

शुक्रवारी मांस वर्ज्य. मासे चालतात, कारण चर्चच्या हिशेबी ते मांस नव्हे. त्यामुळे काका शुक्रवारी पहाटे उठून पाचूबंदरला जातात आणि ताटभर रुंदीचे पापलेट घेऊन येतात. कोंबडीच्या किमतीत त्या पापलेटचे शेपूटही येत नाही. नातवाने एकदा विचारले, "आजोबा, मग यात त्याग कुठला?" काका म्हणाले, "पैशाचा."

रविवारी तर विचारूच नका. राखेच्या बुधवारपासून ईस्टरच्या आदल्या शनिवारपर्यंत मोजलेत तर दिवस शेहेचाळीस भरतात. मधले सहा रविवार उपासात धरत नाहीत, म्हणून ते चाळीस. हे गणित धर्मग्रामात दोघांनाच तोंडपाठ आहे: फादरांना आणि काकांना. फादर ते प्रवचनात वापरतात, काका गोड शेवयांवर.

त्यांचे खरे कसब दिसते ते कन्फेशनच्या रांगेत. पवित्र आठवड्याच्या आधी बाहेरगावचे चार-पाच फादर येतात, रांगा दरवाजाबाहेर जातात, आणि काका रांग सांभाळायला उभे असतात. आत काय बोलले गेले ते गुपित, ते फोडण्याची फादरांनाही सोय नाही. पण कोण किती वेळ आत होता, तेही गुप्त ठेवा असे कुठे लिहिले आहे, हा काकांचा मुद्दा. "दहा मिनिटं! एवढं काय असेल?" हा प्रश्न ते कुणाला विचारत नाहीत, फक्त घड्याळाकडे बघतात. गेल्या वर्षी सरपंचकीला उभा असलेला एक उमेदवार या भीतीने दीड मिनिटात पापे आटोपून बाहेर आला. त्याला फादरांनी परत बोलावले.

एवढे लिहून मी काकांना हसतोय असे वाटेल. हसतोच आहे. पण क्रुसाच्या वाटेच्या चौदाही मुक्कामांना उघड्या फरशीवर गुडघे टेकणारा आमच्यात हा एकच माणूस आहे. गोरगरिबांसाठी वाटलेली त्यागाची पाकिटे बाकीचे लोक टीव्हीखाली विसरतात. काका दारात येऊन उभे राहतात म्हणूनच ती भरून परत जातात. अंथरुणाला खिळलेल्यांच्या घरी कम्युनियन घेऊन जाणाऱ्या फादरांना वाट दाखवायलाही तेच पुढे असतात. पाच मिनिटे बसून, "काल रात्री झोप लागली का?" असे विचारून मगच उठतात.

काकी काय सोडतात हे मात्र वर्षानुवर्षे कुणाला माहीत नव्हते. माझ्या बायकोने एकदा पापलेट साफ करता करता त्यांना विचारले. काकी म्हणाल्या, "यांना उलट बोलणं सोडते. रविवार धरून."

पवित्र गुरुवारी फादर बारा जणांचे पाय धुतात. काका त्या बारांतले कायमचे. दुपारपासून ते घरी पाय घासत बसायचे, नखे कापायचे, मग नवे मोजे घालून यायचे. शिष्यांचे पाय धुळीने भरलेले होते म्हणून येशूने ते धुतले, हे त्यांच्या लक्षात आणून देण्याची कुणाची छाती नव्हती. 2016 मध्ये पोप फ्रान्सिस यांनी नियम बदलला आणि या बारांत स्त्रियांनाही बसता येईल असे ठरवले. आमच्या फादरांनी ते मनावर घेतले. यादीत काकींचे नाव आले, आणि एका घरातून एकच, असा दंडक असल्यामुळे काका बाद झाले. समजूत म्हणून त्यांना टॉवेल धरायचे काम मिळाले.

फादरांनी पाणी ओतले. काका टॉवेल घेऊन वाकले, आणि चाळीसेक वर्षांच्या संसारात पहिल्यांदाच बायकोची टाच त्यांच्या डोळ्यांपुढे इतक्या जवळ आली. भेगा अशा की त्यात बागेतली लाल माती कायमची बसलेली. काका जागा विसरून मोठ्यांदा म्हणाले, "एवढ्या भेगा कधी पडल्या?"

काकी तितक्याच मोठ्यांदा म्हणाल्या, "तुम्ही वाडीला पाणी लावायचं सोडलंत तेव्हापासून."

गायनमंडळाची पेटी मध्येच थांबली. काही जणांनी काकींचा चाळीस दिवसांचा नेम मोडला म्हणून हळहळ केली. पण मोडला नव्हता. उपवासकाळ संपतो तोच मुळी गुरुवारच्या संध्याकाळच्या मिस्सेला, आणि मिस्सा सुरू होऊन अर्धा तास झाला होता. काकींनी घड्याळ पाहून तोंड उघडले होते. शेवटी बायको काकांची.

तेव्हापासून उपवासकाळात पहाटे बावखलावरची, म्हणजे वाडीतल्या तळ्यावरची, मोटर काका सुरू करतात. हे त्यांनी अजून कुणाला सांगितलेले नाही. आम्हाला मोटरच्या आवाजावरून कळते. बाकी साखर, पापलेट, घड्याळ सगळे होते तसेच आहे. उपवासकाळात वसईला आलात तर काका तुम्हाला भेटतीलच. "उपास कसा चाललाय?" एवढे मात्र विचारू नका. शेवटची बस चुकेल.