गुडघ्याला बाशिंग

रविवारी पहाटे सहाला पार्किंगमधून धक्‌धक् असा आवाज आला, आणि पाठोपाठ दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीतून ‘अहो, बीपीची गोळी घेतलीत का?’ अशी हाक आली, की समजावं, आणखी एक काका मोटारसायकलवर परतले.

हे काका पुण्यात कुठल्याही सोसायटीत सापडतात. वय चोपन्न ते पासष्ट. घराचे हप्ते फिटलेले, साखर थोडी पुढे गेलेली, केस बरेच मागे गेलेले. मुलगी लग्न होऊन दूरदेशी. ‘१९८८ साली माझ्याकडे बुलेट होती’ हे वाक्य ते स्वतःच्या नावाआधी सांगतात. ती विकली का, याचं उत्तर ठरलेलं: ‘मुलगी झाली ना!’ हे लहानपणापासून ऐकून मुलीची समजूत झालेली असते की आपण या घरात बुलेटच्या एक्स्चेंजमध्ये आलो.

त्या बुलेटचं वर्णन करताना काकांच्या आवाजात सोवळं उतरतं. आधी डीकॉम्प्रेसर दाबायचा, किक अलगद खाली न्यायची, अँपिअरचा काटा मध्यावर आला की डीकॉम्प्रेसर सोडायचा आणि मग लाथ. काट्याकडे दुर्लक्ष झालं तर किक उलटी येऊन नडगी सुजवायची. आताची गाडी अंगठ्याने बटण दाबलं की सुरू होते. काकांना ते पटत नाही. एवढ्या सहज हो म्हणणाऱ्या गोष्टीवर विश्वास कसा ठेवायचा?

तरी गाडी येते. मग जाकीट येतं, हातमोजे येतात, घोट्याच्या वर जाणारे बूट येतात आणि शेवटी खोक्यातून दोन काळी कवचं निघतात: नी-गार्ड. काका ती गुडघ्याला बांधून आरशासमोर उभे राहतात. काकू भाजी निवडता निवडता एकदाच वर बघतात.

‘बाशिंग आणलंत वाटतं.’

पहिला महिनाभर ते बाशिंग कपाटातच राहतं. ‘कोपऱ्यावर तर जायचंय’ हे कारण. हेल्मेट असतं, पण आरशाला टांगलेलं. आरशाचं डोकं सुरक्षित राहतं. का घालत नाही विचारलं तर अस्सल पुणेरी बाणा: मान दुखते, हॉर्न ऐकू येत नाही, केस गळतात. तिसरं कारण सांगताना काका टकलावरून हात फिरवतात आणि त्यात काही विसंगत आहे असं त्यांना वाटत नाही.

या काळातलं काकांचं पतन ताशी शून्य किलोमीटर वेगाने होतं. सोसायटीचं गेट, थोडा उतार, बाजूला बांधकामाची वाळू. वॉचमन सलाम ठोकतो. उलट सलाम करायला काका हँडलवरचा हात उचलतात, पाय वाळूवर टेकतो आणि सरकतो. गाडी एकशे पंच्याण्णव किलोची. ती कलायला लागली की विशीतला माणूस मांडीने तोलून धरतो. साठीतला ‘अरे अरे’ म्हणतो. पडणं इतकं सावकाश होतं की मधल्या वेळात कोण कोण बघतंय हेही काकांना पाहून घेता येतं. मग लाजेच्या भरात ते पुढून वाकून, कंबरेने गाडी उचलायला जातात. गाडी उठत नाही. कंबर मात्र बसते ती बसतेच, पुढचे पंधरा दिवस.

दुसरा प्रसंग जास्त गंभीर. कर्वे रस्त्यावर पुढच्या बसने अचानक ब्रेक मारला. मेंदूने वेळेवर हुकूम सोडला, पण पायांनी तो १९८८ सालच्या पत्त्यावर पोचवला. जुन्या बुलेटला गिअर उजव्या पायात आणि ब्रेक डाव्या पायात. आताच्या गाड्यांना नेमकं उलटं. काकांनी जिवाच्या आकांताने डावा पाय दाबला आणि गाडीचा एक गिअर उतरला. पुढचा ब्रेक मुठीत होता, पण तरुणपणी त्यांना शिकवलं होतं की पुढचा दाबलास तर कोलांटी खाशील. तेव्हापासून तो ब्रेक दारावरच्या तोरणासारखा शोभेला. शेवटी हात आपसूक आवळला गेला आणि गाडी बसपासून वीतभर अंतरावर थांबली. बसच्या पाठीवरची जाहिरात इतकी जवळ आली होती की वाचायला चाळिशी लावावी लागली असती.

त्या रात्री काकांनी पाकिटाच्या पाठीवर गणित मांडलं. ताशी पन्नासने जाताना गाडी एका सेकंदात चौदा मीटर कापते. ‘कुठला पाय?’ या विचारात अर्धा सेकंद गेला तर सात मीटर, म्हणजे एकामागे एक लावलेल्या जवळपास तीन रिक्षा. काकांनी पाकीट काकूंना दाखवलं नाही. स्वतः मात्र तीनदा बघितलं.

इथे परतलेल्या काकांचे दोन पंथ होतात. एक पंथ गाडीवर कव्हर घालतो, दसऱ्याला झेंडूचा हार घालतो आणि फोटोपुरता बसतो. दुसरा पुन्हा शिकायला जातो. आमचे काका दुसऱ्यातले. १९८८ साली बुलेट चालवलेल्याने शिकवणी लावायची, तीही पंचविशीतल्या मुलीकडे, हे सोपं नव्हे. पण रविवारी सकाळी रिकाम्या मैदानावर ती रिकाम्या बाटल्यांची रांग लावते आणि ओरडते, ‘काका, नजर वर! जिकडे बघाल तिकडे जाल. खड्ड्याकडे बघाल तर खड्ड्यातच!’ काकांना वाटतं, हे कुणीतरी शेअर बाजाराच्या वेळी सांगायला हवं होतं.

तिने तोरण उतरवून पुढचा ब्रेक कामाला लावला. थांबताना गाडीचं वजन पुढच्या चाकावर येतं, म्हणून खरी पकडही तिथेच असते. फक्त मूठ झटक्यात न आवळता लिंबू पिळल्यासारखी दाबत न्यायची. एबीएस चाक लॉक होऊ देत नाही, पण वळणावरच्या वाळूशी त्याचं काही नातं नाही, हेही सांगितलं. आणि पडलेली गाडी उचलायची ती तिच्याकडे पाठ करून, गिअरमध्ये टाकून, उकिडवं बसून, मांड्यांच्या जोराने. बसक्या शौचालयाच्या पिढीला हे जमतं, हे बघून काकांना आपल्या बालपणाचं सार्थक वाटलं.

मग सगळंच बदललं. लायसन्सच्या नूतनीकरणाला डॉक्टरचं प्रमाणपत्र लागतं म्हणून गेले आणि डोळेही तपासून आले. समोरचे दिवे फुटल्यासारखे दिसतात, ही महापालिकेची चूक नसून मोतीबिंदूची सुरुवात आहे, हे कळलं. तेव्हापासून दिवेलागणीच्या आत घरी. तरुणपणी बहिणींवर लादलेला नियम आता स्वतःवर. हेल्मेट आरशावरून डोक्यावर आलं, आणि हनुवटीखालचा पट्टा लावल्याशिवाय ते चावी फिरवत नाहीत.

आता त्यांचा सहा जणांचा ग्रुप आहे. एक्स्प्रेसवेवर दुचाकीला बंदी, म्हणून लोणावळ्याला जुन्या हायवेने. दर चाळीस मिनिटांनी चहाला थांबा. चहाची तल्लफ कुणालाच नसते. खरं कारण प्रोस्टेट. पण सहाही जण गंभीर चेहऱ्याने ‘इथला चहा छान असतो’ म्हणत टपरीच्या मागच्या बाजूला जातात. सिंहगडाच्या घाटात कॉलेजची पोरं झूंकन पुढे जातात. काका डावीकडे सरकून वाट देतात. पोरं आधी पोचली म्हणून वर पिठलं-भाकरी संपत नाही, हे त्यांना ठाऊक आहे.

एकच त्रास उरला आहे. काका आता उपदेश करतात. लिफ्टमध्ये, वाण्याकडे, एकदा तर तेराव्याच्या जेवणात त्यांनी शेजारच्याला पुढच्या ब्रेकचं महत्त्व समजावलं. गेटवर सलाम करणाऱ्या वॉचमनला आता हात मिळत नाही, मान मिळते.

काकूंनी सहा महिने हे सगळं पाहिलं आणि मागच्या रविवारी त्या खाली आल्या, तेव्हा हातात दुसरं हेल्मेट होतं आणि सलवारीवर दोन काळी कवचं.

उतावळ्या नवऱ्याची म्हण ज्याने रचली, त्याने बाशिंगाची जागा चुकली म्हणून हसून घेतलं. आमच्या काकांनी डोक्याला हेल्मेट बांधलं आणि बाशिंग गुडघ्यालाच ठेवलं. साठीच्या नवरदेवाला शोभून दिसतं ते असंच.