उजेडाचं भाडं

रोममध्ये देव फुकट भेटतो, उजेडाला मात्र भाडं पडतं. सान लुइजी देई फ्रांचेझी या चर्चमध्ये काराव्हाज्जोची संत मॅथ्यूवरची तीन चित्रं आहेत, १६०० च्या आसपासची. काळोखातून तिरपा झोत पडावा ही त्याची सगळी किमया. आता तो झोत पेटीत नाणं टाकल्यावर पडतो आणि चित्र कुठे डोळ्यांत भरू लागतंय तोच विझतो. मग सगळी गर्दी अंधारात गप्प उभी. कुणाला खिसा सापडत नाही, कुणाला नाणं. तेवढ्यात एखादा भाबडा पुढे होतो आणि त्याच्या युरोवर पन्नासजण कलारसिक होतात.

पँथिऑन हे मुळात देऊळ. ६०९ साली त्याचं चर्च झालं, म्हणून वाचलं. अर्थात श्रद्धाळूंपासून ते पूर्ण वाचलं नाही: सतराव्या शतकात पोप आठव्या अर्बनने द्वारमंडपाचं कांस्य उतरवून त्यातल्या बऱ्याचशा धातूच्या तोफा ओतल्या. २०२३ पासून तिथे पर्यटकांना तिकीट आहे. घुमटाच्या भोकातून पाऊस अजून विनातिकीट येतो.

सर्वांत जिवंत श्रद्धा दिसते ती सांता मारिया इन कोस्मेदिन या चर्चच्या ओसरीत. तिथल्या दगडी मुखवट्याच्या तोंडात हात घातला तर खोटारड्याचा हात तुटतो म्हणे. हा मुखवटा बहुधा प्राचीन गटाराचं झाकण असावा. त्याच्यापुढे रांग, मोबाइल, खोटी किंकाळी. आत बाराव्या शतकातली देखणी संगमरवरी फरशी आहे. तिथे रांग नाही.