सीडीचा हेडी

पिंपळवंडीत कुणी नवी वस्तू घेतली की तिला हळदकुंकू वाहतात, नारळ फोडतात आणि नाना यायच्या आत ती घरात नेतात. नानांच्या नजरेस पडली की पुढचा प्रश्न ठरलेला असतो, "उद्या मोडायला काढली तर काय येईल?" पुतण्यानं फ्रीज आणला तेव्हा सगळ्यांनी दार उघडून गारवा घेतला, नाना मागच्या बाजूला उकिडवे बसून कॉम्प्रेसर बघत होते. देवळाच्या नव्या सभामंडपाला कळस चढत होता, गाव माना वर करून हात जोडून उभं होतं आणि नाना शेजारच्याच्या कानात विचारत होते, "जुनं पत्रं कुणी उचललं रं?" दहाव्याला गेले की मात्र ते काही विचारत नाहीत. तेवढी रीत त्यांना कळते. फक्त गेलेल्याची लुना कुठल्या भिंतीला टेकवली आहे, ते बघून ठेवतात.

नाना मूळचे हेडी. बेल्ह्याच्या सोमवारच्या बैलबाजारात त्यांची हयात गेली. विकणाऱ्याचा हात आणि घेणाऱ्याचा हात एका उपरण्याखाली घ्यायचा, बोटं दाबून आकडा सांगायचा आणि चेहरे असे ठेवायचे की दोघं पावसापाण्याचं बोलत असावेत. जनावराचं तोंड उघडलं की नानांना त्याची कुंडली दिसायची. आदत, दोनदाती, चौसा, सहादाती, जुळलेला. मालक काहीही शपथा घेवो, दात खोटं बोलत नाहीत, असं नाना म्हणतात. स्वतःच्या कवळीबद्दल ते बोलत नाहीत.

असा माणूस व्हिडिओ गेमच्या धंद्यात आला त्याला सुप्रीम कोर्ट जबाबदार आहे. मे २०१४ मध्ये कोर्टानं बैलगाडा शर्यतींवर बंदी घातली. जुन्नर-आंबेगावातले घाट ओस पडले, शर्यतीच्या खोंडांचे भाव कोसळले आणि नानांचं उपरणं नुसतं खांद्यावर राहिलं. त्याच वर्षी जानेवारीत सोनीचा प्लेस्टेशन फोर ३९,९९० रुपयांना भारतात आला होता. नानांच्या थोरल्याचा स्टँडजवळ गाळा आहे. पुढं मोबाईल दुरुस्ती आणि रिचार्ज, मागं पडदा लावून दोन टीव्ही आणि तासावर गेम. घरी बसून नानींशी वाद घालण्यापेक्षा बरं म्हणून नाना तिथं जाऊन बसायला लागले. बसल्या बसल्या त्यांनी पाहिलं, की नारायणगावचा एक पोरगा नवी सीडी आणतो, दोन-तीन आठवड्यांत खेळून संपवतो आणि ओतूरच्या पोराला कमी पैशात देतो. ओतूरचा राजुरीच्याला देतो. प्रत्येक हाताला भाव उतरतो, पण माल तोच! नानांच्या अंगावर काटा आला. हा तर बाजार होता, आणि त्यात हेडीच नव्हता.

महिन्याभरात गाळ्यावर पाटी लागली: ‘जुने गेम घेतले व दिले जातील. उधारी नाही. चर्चा नाही.’ यातलं शेवटचं वाक्य नानांना स्वतःला लागू नाही.

नानांनी आजवर एकही गेम खेळलेला नाही. एकदा नातवानं त्यांच्या हातात रिमोट दिला. पोरं कंट्रोलर म्हणतात, नाना रिमोटच म्हणतात. त्यांची गाडी पहिल्याच वळणावर भिंतीत गेली. "नुकसान कुणाच्या अंगावर?" एवढंच विचारून त्यांनी रिमोट खाली ठेवला आणि पुन्हा उचलला तो फक्त तपासायला. तपासणी मात्र पाहण्यासारखी असते. स्टिकला हात न लावता पडद्यावरचा गडी आपोआप एका बाजूला सरकत राहिला, तर "हा डाव्या अंगाला वढतोय" असं म्हणून पाचशे कमी. प्लेस्टेशन थ्री आला की, "जुळलेला हाय, आता किती दिवस?" प्लेस्टेशन फोर म्हणजे सहादाती, त्यातला बारका स्लिम २०१६ चा, म्हणून चौसा. पंखा घरघरला तर छातीचा आजार. प्लेस्टेशन फोरची गरम पेटी झुरळांना फार आवडते, हे जगभरच्या दुरुस्तीवाल्यांना माहीत आहे. नाना पेटी कानाशी धरून हलवतात आणि आत कुणी राहतं का याचा अंदाज घेतात. सीडी उन्हात धरून चरे मोजतात. चऱ्यावर कुणी टूथपेस्ट घासून आणलेली असेल तर त्यांना वासावरून कळतं, आणि कोणत्या कंपनीची तेही.

भाव अर्थात उपरण्याखाली. सहावी-सातवीतली पोरं त्यात अशी तयार झाली आहेत, की बोटं दाबली जात असताना त्यांच्या तोंडावर माशी हलत नाही. गणिताच्या पेपरात हीच पोरं हातचा विसरतात, हे मी शिक्षक म्हणून सांगतो. पण तो दोष पेपरचा असावा.

बाजाराची जाण नानांना भराभर आली. फुटबॉलचा गेम दरसाल पावसाळा संपता संपता नवा येतो, म्हणून जुना श्रावणातच काढून टाकायचा. पोळ्यानंतर त्याला कुणी विचारत नाही. क्रिकेटचा गेम दरसाल येत नाही, म्हणून तो भाव धरतो. ‘गॉड ऑफ वॉर’सारखा गोष्टीचा गेम एकदा संपला की संपला, म्हणून पोरगं तो विकायला येणारच, आणि ज्यानं ऐकलाय पण खेळला नाही असा दुसरा असणारच. माल कुठून येतो? चैत्रात यात्रेला मुंबईकर येतात. वाशीच्या मार्केटला असलेली, माथाडीत असलेली, पोरं इंग्रजी शाळेत घातलेली ही मंडळी येताना पोरांचे जुने गेम आणतात आणि जाताना तांदूळ नेतात. बाकीसाठी नाना आळेफाट्याहून एसटी धरून पुण्याला जातात. बुधवार-रविवार जुना बाजार आणि जमलं तर तपकीर गल्ली. जुन्या बाजारात कुणी नानांना फसवलं, असं अजून ऐकिवात नाही. दोनदा प्रयत्न झाला, तेव्हा त्या माणसानं परतीचं भाडं दिलं म्हणतात.

गाळ्याच्या दाराशी नाना गिऱ्हाइकांना एक गोष्ट सांगतात. २०१३ साली मायक्रोसॉफ्टनं जाहीर केलं, की त्यांचा एक्सबॉक्स वन रोज एकदा इंटरनेटवर हजेरी लावेल, आणि जुना गेम विकायचा तर कंपन्यांच्या परवानगीनं आणि ठरलेल्या दुकानातच. "म्हंजी बैल इकायचा तर आधीच्या मालकाला इचारून!" जगभरात इतका आरडाओरडा झाला, की जूनमध्येच त्यांनी तो बेत मागं घेतला. मधल्या काळात सोनीनं एक अर्ध्या मिनिटाच्या आतली फिल्म काढली होती: आमच्या मशीनवर मित्राला गेम कसा द्यायचा? एक साहेब दुसऱ्या साहेबाच्या हातात डबी देतो, दुसरा थँक्यू म्हणतो, संपलं. नातवानं ती मोबाईलवर दाखवली तेव्हा नानांना सोनी कंपनीबद्दल जी माया उत्पन्न झाली, ती त्यांना थोरल्याबद्दलही कधी वाटली नसेल. त्या फिल्ममध्ये त्यांना एकच चूक दिसली. उपरणं नव्हतं.

मी एकदा कंपन्यांची बाजू मांडून पाहिली. म्हटलं, "नाना, गेम करायला शेकडो माणसं वर्षानुवर्षं राबतात. तो पाच जणांत फिरला तर पैसे त्यांना एकदाच मिळतात. त्यांची तक्रार खोटी नाही." नानांनी शांतपणे ऐकून घेतलं. "गुरुजी, खोंड पाच बाजार फिरला तर ज्याच्या गाईनं तो घातला त्याला दर बाजारात हिस्सा देत्यात का?" याला उत्तर असेल, मला ते अजून सुचलेलं नाही.

आणि मग २०२१ साल उजाडलं. फेब्रुवारीत प्लेस्टेशन फाइव्ह आपल्याकडं आला. सीडीचा ४९,९९० ला, बिनसीडीचा ३९,९९० ला ठरला. डिसेंबरात सुप्रीम कोर्टानं शर्यतींना परवानगी दिली आणि खोंडांचे भाव पुन्हा आभाळाला गेले. नाना सोमवारी बेल्ह्यात आणि इतर दिवशी गाळ्यावर असे दोन्हीकडं दिसू लागले. बिनसीडीच्या मशीनची वार्ता त्यांनी ऐकली होती, पण ती पुण्यामुंबईची खुळं म्हणून सोडून दिली होती. गेल्या दिवाळीत ते खूळ गाळ्यावर आलं.

गावातलाच पोरगा, हिंजवडीला आयटीत. मशीन दुपट्यात गुंडाळल्यासारखं टॉवेलात आणलेलं. नानांनी उचललं, पालथं केलं, उताणं केलं, चारी अंगांनी बोट फिरवलं.

"तोंड कुठंय?"

"नाना, हा डिजिटल आहे. याला सीडी लागत नाही."

"तोंडच नाय?"

"नाही."

"मग खातो कुठनं?"

"वायफायवरून."

नानांनी छताकडं पाहिलं. तिथं पाल होती. "आरं, तोंड नाय तर दात मोजू कुणाचं?"

पोरगा समजावू लागला. यात चाळीसेक गेम घेतलेत, लाखाच्या वर पैसे गेलेत. नाना म्हणाले, मग ते दे. ते देता येत नाहीत, अकाउंटवर आहेत. मग अकाउंट दे. ते माझ्या नावावर आहे. मग माझ्या नावावर कर. कंपनीला चालत नाही, पेटी तेवढी देता येते. नाना बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "म्हंजी बैल तुझ्या गोठ्यात ऱ्हाणार, आन् दावं तेवढं इकायला आणलंस."

त्या रात्री नातवाची उलटतपासणी झाली. बिबट्याच्या भीतीनं आमच्याकडं दिवेलागणीनंतर पोरं घराबाहेर पडत नाहीत, त्यामुळं नातवाला पळायलाही जागा नव्हती. त्यानं सगळं कबूल केलं. की असा गेम आपण घेत नाही, तो वापरायचा परवाना घेतो. की कॅलिफोर्नियानं २०२४ मध्ये कायदाच केला, दुकानदारानं हे गिऱ्हाइकाला स्पष्ट सांगायचं म्हणून. की त्याच वर्षी निघालेल्या प्लेस्टेशन फाइव्ह प्रोला जन्मतःच सीडीची खाच नाही, हवी तर वेगळी विकत मिळते. ("तोंड वायलं इकत?" हे नानी स्वयंपाकघरातून.) की निन्टेंडोच्या २०२५ च्या स्विच टूच्या काही कार्डांत गेम नसतोच, तो उतरवून घ्यायची किल्ली तेवढी असते.

नाना परवान्याशी अडले. त्यांचे वडील कूळ होते. १ एप्रिल १९५७ च्या कृषकदिनाला कसणारा मालक झाला, तेव्हा कुठं त्यांचं नाव सातबाऱ्यावर चढलं. ती तारीख त्या घरात वाढदिवसासारखी पाठ आहे. "पैसं मालकीचं घेत्यात आन् ठेवत्यात कूळ?" नाना गरजले. "कलेक्टरला ठावं हाय का ह्ये?"

नातवानं सगळ्यात वाईट बातमी शेवटाला ठेवली होती. युबिसॉफ्टचा ‘द क्रू’ हा गाड्यांचा गेम २०१४ चा. तो इंटरनेटशिवाय चालतच नव्हता. कंपनीनं ३१ मार्च २०२४ ला सर्व्हर बंद केले आणि लोकांच्या कपाटातल्या सीड्याही मेल्या. "मार्च एंडला?" नाना दचकले. सोसायटीच्या वसुलीखेरीज त्या तारखेला दुसरं काही मरतं, हे त्यांना नवीन होतं. मग त्यांना आठवलं, की त्या गेमच्या दोन सीड्या गाळ्यावर पडून आहेत. सकाळी ते स्वतः जाऊन त्या घेऊन आले. सध्या त्या बाजरीच्या शेतात सुतळीला टांगलेल्या आहेत. उन्हात चमकतात, पाखरं येत नाहीत. एकरी काय वाचतं त्याचा हिशेब नानांनी करून ठेवला आहे आणि सीडीची किंमत त्यातून वसूल झाली, असं ते सांगतात.

हिंजवडीवाल्याचा सौदा शेवटी झाला. पोरगा पुन्हा आला तेव्हा नानांनी त्याचा हात उपरण्याखाली घेतला आणि दाव्याचा भाव सांगितला. पोरगा इतका विव्हळला, की बाहेर रिक्षावाल्यानं मान वळवली. पण सुट्टी संपत आली होती, घरात नवं मशीन आलेलं होतं आणि बायकोनं जुनं कपाटातून काढायला सांगितलं होतं. नानांना यातली तिसरी बाब आधीपासून माहीत होती.

आता ही पेटी कोण घेणार, हा माझा प्रश्न होता. नव्या गेमला ऑनलाइन पाचेक हजार मोजायचे, आणि ते परत न येणारे. पिंपळवंडीत असं गिऱ्हाईक कुठलं? नाना म्हणाले, "गुरुजी, मोडीला न येणारी वस्तू कुणाला इकावी? ज्याला मोड घालायची लाज वाटती त्याला."

सोमवारी ते बेल्ह्याला जाताना पेटी घेऊन गेले. मी सोबत होतो. एक बैलगाडामालक भेटले. चार घाटांत पहिला नंबर, गळ्यात जाड चेन, बरोबर आठ-नऊ वर्षांचा नातू. नातवानं पेटी पाहिली आणि आजोबांचं धोतर धरलं. मालक पेटी हातात घेऊन फिरवायला लागले. बैलातला माणूस तो. बोट बरोबर त्याच जागी जाऊन थांबलं.

"नाना, आरं ह्याला तोंड दिसना!"

नानांनी उपरणं झटकून त्यांच्या हातावर टाकलं.

"तोंड नाय म्हंजी वैरण नाय, पाटील. बोला."